पेटीतलं एक वाकडं मत

आमच्या मावशीच्या यजमानांनी जन्मात कधी निवडून येणाऱ्या माणसाला मत दिलं नाही, आणि पडलेल्या माणसाला भेटायला जायचं कधी चुकवलं नाही. आमच्या भागातून दिल्लीला कोण जाणार हे त्या काळी अर्ज भरायच्या आधीच शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. काकांना तेवढं पुरे. हमखास येणारा माणूस त्यांच्या मनातून तिथंच उतरायचा. समोर दुसरा कोण उभा आहे, कुठला आहे, बोलतो काय, याची फिकीर नाही. "पडणार हाय न्हवं? मग त्यो आपला," म्हणायचे आणि गेरूचं भांडं घेऊन भिंती रंगवायला लागायचे. एका खेपेला त्यांच्या उमेदवाराचं चिन्ह शिडी होतं. काकांनी काढलेली ती आडवी शिडी बघून सरपंच म्हणाले, "गड्या, ही तिरडी कुणाची काढलीस रं?" काका म्हणाले, "निकाल लागू दे, मग कळंल." निकाल लागला आणि ती शिडीवाल्याचीच निघाली.

निकालानंतर काका टॉवेल-टोपी घेऊन पडलेल्या उमेदवाराच्या घरी जायचे, थेट दुखवट्याला जावं तसे. असेच एकदा एका वकिलांच्या दारात उभे राहिले. वकिलीणबाईंनी हातातला टॉवेल आणि पडलेला चेहरा पाहिला नि हंबरडाच फोडला, "अगं बाई, वाईला माझ्या माहेरी कोण गेलं हो?" वकीलसाहेब आत झोपाळ्यावर पान जमवत मजेत बसले होते. त्यांच्या डोक्यावर टोपी चढवून काका म्हणाले, "मनाला लावून घिऊ नगा. आमच्या गावातनं एक मत हाय तुमास्नी." तोवर हसतमुख असलेले वकील त्यानंतर ढसाढसा रडले, असं काकांचं म्हणणं. मला विचाराल तर रडू हसण्याचंच असणार.

त्या एका मताची गोष्ट अशी. मतदानाच्या आदल्या दिवशी गाव चावडीत बसायचं, घरटी एक पुरुष शपथेला नारळावर हात ठेवायचा आणि सगळं गाव एका बाजूला जायचं. तेव्हा गावागावाची पेटी वेगळी मोजत, त्यामुळे कुठल्या गावानं काय केलं ते तालुक्याला कळे. मावशीच्या गावची पेटी उघडली की झाडून सगळी मतं एकीकडे आणि एक दुसरीकडे. ते कुणाचं हे कुणी विचारतच नसे, कारण चावडीकडे न फिरकणारा माणूस गावात एकच होता. मी साताऱ्याला नोकरीला होतो. सुट्टीला गेलो की काकांशी यावरून वाद घालायचो. ते म्हणायचे, "एक तरी वाकडं पायजे रं. सगळं गाव खिशात हाय म्हटल्यावर पुढारी मागं वळून कशाला बघंल?" मला तो निव्वळ हेकटपणा वाटायचा. थोडा होताही.

सदुसष्टच्या निवडणुकीत मात्र काका कोंडीत सापडले. पुढाऱ्यानं सांगून ठेवलं होतं, या खेपेला एकही मत फुटलं नाही तर जूनपासून एस.टी. गावात येईल. आणि काकांची मुलगी त्याच साली सातवी होणार होती. पुढची शाळा वडूजला, चार मैलांवर. एस.टी. नाही तर शाळा नाही, हे मावशीपासून मुलीपर्यंत सगळ्यांना कळत होतं. सरपंच घरी आले. "गड्या, माझ्यासाठी नगं. पोरीसाठी तरी गावाबरबर चल." दुसऱ्या दिवशी काका चावडीत गेले, मान खाली घालून बसले, आणि पाळी आली तेव्हा त्यांनी नारळावर हात ठेवला. मी रजेवर आलो होतो, तिथंच होतो.

पेटी उघडली. सगळी मतं एकीकडे आणि एक दुसरीकडे!

गाव खवळलं. "नारळावर हात ठिवून फसवलंस," एवढं बोलून सरपंचांनी पाठ फिरवली. मुलगी रडून रडून झोपली. स्वयंपाकघरात माझ्यासमोरच काका मावशीला पुन्हापुन्हा सांगत होते, "तुझ्या गळ्याची आण, मी सरळ शिक्का मारलाय." मावशी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ठावं हाय मला. ते मत माझं हाय."

काकांनी तिच्यासमोर पाट ओढला.

"चावडीत तुमी मान घालून बसला व्हतासा. मी समोरच्या दारातनं बघितलं. न्हाई बघवलं मला."

काका असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. मावशी मात्र हात धुऊन उठली. "पोरगी तुमच्यावर चिडलीया. मी सांगते तिला, अन् सरपंचास्नी बी." काकांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "ऱ्हाऊ दे. माझ्यावर रुसली तर रुसू दे. तुझ्यावर रुसली तर घरात बोलंल कुणाशी?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् तू बी त्वांड उघडू नगंस."

एस.टी. आली नाही. जूनमध्ये काकांनी मुलीचं नाव वडूजच्या शाळेत घातलं आणि तिला रोज चालत नेऊ-आणू लागले. मी एकदा त्या वाटेवर दोघांना पाहिलं. फुफाट्यातून मुलगी तरातरा पुढे चालली होती, मागे वळून न बघता. तिचं दप्तर खांद्याला अडकवून काका मागून येत होते. अख्खं वर्ष ती वाटेत त्यांच्याशी बोलली नाही, असं मावशी सांगायची.

ती शिकली, मास्तरीण झाली. काका गेले, मागोमाग मावशीही. आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं, म्हणून परवा मी तिला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, हसेल. ती पदराशी चाळा करत बसली.

"दादा," ती म्हणाली, "म्हणजे वर्षभर मी उगीचच पुढं पुढं चालले रे."