मामांनी खणलेली मुळं

शेवटचं भेटलो तेव्हा माधवमामा कालव्याच्या काठावर कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते. शहरातून ओरत्तनाडूकडे जाणाऱ्या बसमधून उतरून मी तशीच काठाने चालत आले होते. त्यांनी मान वर केली, घाम पुसला आणि विचारलं, "कां गे, जेवून आलीस की तशीच?" मी म्हटलं, मामा, आता वर या, डॉक्टरांनी काय सांगितलंय… ते म्हणाले, "डॉक्टर येऊन खणतात का? विचार त्यांना." त्यानंतर नऊ दिवसांनी, दुपारी जेवून आडवे झालेले मामा उठलेच नाहीत. खणण्यामुळे गेले असं घरात कोणी म्हणत नाही. मीही विचारत नाही. पण सहा आठवडे झाले, पुस्तक उघडलं की मला तो खड्डा दिसतो.

मामा, म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, सरकारी लस्कर होते. कालव्याची दारं उघडणं, मिटणं आणि काठावरून फिरून पाणी कुठे अडलंय ते बघणं हे लस्कराचं काम. पाणी मोजायच्या फळीवर जी खूण दिसे तीच ते वहीत लिहीत. मोठे शेतकरी रागावले तरी त्यात बोटभर फरक करत नसत. निवृत्त झाल्यावरही त्यांचं फिरणं थांबलं नाही. कालव्याच्या त्यांच्या गावाकडच्या फाट्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नव्हतं. काठावर आणि पात्रातही सीमैकरुवेलम ही काटेरी झाडी माजली होती. महाराष्ट्रात तिला वेडी बाभूळ म्हणतात, असं मला नंतर कळलं. तिच्यात गाळ अडतो, गाळात पुन्हा तीच उगवते, आणि जमिनीतली ओलही ती पिऊन टाकते.

माझे वडील शहरात राजवाड्यामागच्या गल्लीत शिंपीकाम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्याचा मामांना फार अभिमान होता, आणि मला वाटतं, तिथेच सगळं चुकलं. त्यांच्या गावात अजून जुनी रीत आहे: पाणी सुटण्याआधी घरटी एका माणसाने एक दिवस कालव्यावर काम करायचं. गेल्या वर्षी मामा म्हणाले, "घरात आता म्हातारेच उरलेत. तुझ्या कॉलेजची मुलं आण." मी एक बस भरून मुलं नेली. काटे, ऊन… आम्ही गुडघ्याच्या उंचीवर करवती चालवल्या आणि दुपारपर्यंत काठ मोकळा केला. लिंबूभात खाल्ला, फलक धरून फोटो काढले. मामा एका बुंध्यापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी माती उकरून मला मुळाची फुगलेली गाठ दाखवली. "ही हातभर खाली असते. हिच्या खालून तोडलं तरच झाड मरतं. हे तुम्ही केस कापलेत." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येऊन तेही करू. खरंच यायचं होतं. पण सहामाही परीक्षा आली, आणि त्याआधी कॉलेजला या कामाचा अहवाल द्यायचा होता. मी लिहिलं की झाडं मुळासकट काढली. सगळे असंच लिहितात, असं तेव्हा मला वाटलं.

त्या अहवालाची प्रत पाटबंधारे कार्यालयात गेली. या फाट्यासाठी ठरलेलं मुळं उपटायचं यंत्र त्यांनी, इथलं काम झालं असं समजून, दुसरीकडे पाठवलं. चार महिन्यांत एकेका बुंध्यातून सात-आठ फांद्या फुटल्या. टोकाला शेत असलेल्या कनगम्मा अक्कांची भाताची रोपं पाण्याची वाट बघत पिवळी पडली. मी गेले तेव्हा त्या मामांना म्हणाल्या, "लस्कर, भाचीनं झाडांना खत बरं घातलं हो. कुठलं ते सांगा, मी भाताला घालते." मामा हसले. मला हसता आलं नाही.

परतताना मी म्हटलं, "मी कार्यालयात जाऊन खरं सांगते." मामा म्हणाले, "आधी पास हो. नाव एकदा गेलं की जातं." पुढे चहाच्या दुकानात पाटबंधाऱ्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, तेव्हा ही झाडं नवीन उगवलीत असं त्यांनी सांगितलं. हे मला मामींकडून कळलं. ज्या माणसाने पाण्याची खूण कधी खोटी लिहिली नाही, तो माझ्यासाठी खोटं बोलला… आणि मग एकेक गाठ स्वतः खणत बसला. मला ते सोयीचं वाटलं. मी गप्प राहिले आणि पास झाले.

तेरावं झाल्यावर मी खरं काय झालं ते चिठ्ठीत लिहून कार्यालयात गेले. अधिकाऱ्यांनी ती दोनदा वाचली. "हे आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, यंत्र मिळेलच असं नाही, पण राहिलेली झाडं दाखवा, वरच्यांकडे मागून बघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठाने निघालो. कुठलं झालंय आणि कुठलं राहिलंय हे मला कसं कळणार, या विचाराने रात्रभर झोप नव्हती. पण ते कळत होतं. प्रत्येक गाठ काढल्यावर मामांनी खड्डा बुजवला होता, वर पाणी शिंपडून माती टाचांनी दाबली होती. उन्हाने ती कडक झाली होती. दोन टाचांचे ठसे, मग पाच-सहा पावलांवर पुन्हा दोन टाचा. अधिकारी त्या ठशांच्या कडेने चालत होते. एकाही ठशावर पाय पडू देत नव्हते. पिंपळाच्या वळणापुढे टाचा संपल्या. तिथून शेवटपर्यंत नुसती हिरवी झुडपं होती. मी खुणांसाठी आणलेली चुन्याची पिशवी उघडली आणि पहिल्या बुंध्यावर खूण केली.

पाणी केव्हा सोडतील ते अजून कळलेलं नाही. यंत्राचंही नाही. रविवारी मी कुदळ घेऊन जाते. आतापर्यंत चार झाडं झाली आहेत.