रॉकवाली बाई आणि आम्ही

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीतल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला, साठचं दशक संपत आलेलं असताना. मी काही त्या कॉलेजातला नव्हे. कडेगावहून टर्नरचं काम शिकायला आलेलो, आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं कुणी अडवत नाही एवढं कळलेलं. नकला झाल्या, एक नाटुकलं झालं आणि मग ती स्टेजवर आली. पँट घातलेली, खांद्यावर गिटार, केस मोकळे. मागून कुणीतरी शीळ घातली. आता ही रडत आत पळणार असं मला वाटलं. तिनं शीळ आली त्या बाजूला बघितलं, तशीच शीळ परत घातली आणि तोच सूर धरून गाणं सुरू केलं. त्या क्षणाला मी तिचा झालो. आजही कुणी विचारलं तर मान वर करून सांगतो.

ती मिरजेची. आई नर्स, आणि गळा चर्चमधल्या गाण्यांवर तयार झालेला. उंच, स्वच्छ आवाज. वर जायला लागला की आपणच टाचा उचलायचो. ती ज्या ग्रुपात गायची त्याचा म्होरक्या इंजिनिअरिंगला होता. चाली इंग्लिश रॉकच्या वळणाच्या आणि शब्द साधे मराठी. गाणी सगळी तो लिहायचा आणि सगळी तिच्यावरच. तिचे केस, तिची तुटकी चप्पल, कृष्णेच्या घाटावर तिनं त्याला ताटकळत ठेवलं ती संध्याकाळ. बाजारपेठेतून ती चालत गेली की हळदीच्या दुकानातली पोरंसुद्धा त्या ओळी गुणगुणायची. तिचं नाव कुणी घेत नसे. सगळे म्हणायचे, त्याच्या गाण्यातली ती.

मग तो मुंबईला गेला, सिनेमाच्या संगीतात काम मिळालं म्हणून. गाणी बरोबर गेली, ती मागं राहिली. पाठोपाठ तिच्या गळ्यात गाठ झाली. मिरजेत ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पण आवाजाची शीर दुखावली. गावानं मात्र ऑपरेशनवर विश्वास ठेवला नाही. कुणी म्हणालं, तिनं विष घेतलं. कुणी म्हणालं, मुंबईला त्याच्या दारात जाऊन ओरडली, तिथं आवाज ठेवून आली. दोनेक वर्षं ती कुणाला दिसली नाही. आमच्यापुरती ती गेलेल्या जमान्यातली झाली.

तोवर मी कुपवाडच्या वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो होतो. शेजारच्या मशीनवर माझा दोस्त, पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला, मेंढरं राखणाऱ्या घरचा. त्याचा ढोल त्याच्या खोलीत खुंटीला टांगलेला असायचा आणि दोस्ताचा स्वतःचा आवाज माळावरचा, मशीन चालू असतानाही ऐकू येणारा. एका सकाळी मालकांनी टायपिंगला नवीन बाई आणल्या. सुती साडी, केस कापलेले, गळ्यावर आडवी खूण. मी ओळखलं, पण लेथ सोडून पुढं गेलो नाही. दोस्त हात पुसत सरळ पुढं गेला.

"आवं बाई, तुमी त्याच न्हवं? पँटवाल्या? गिटारवाल्या?"

ती हसली. "त्याच. आता टायपिंगवाली."

आवाज ऐकून मी दचकलो. लोखंडावर कानस फिरवावी तसा. वरचं सगळं निघून गेलेलं, उरलं होतं ते खालचं, खरखरीत आणि जाड. मला वाईट वाटलं आणि ते तोंडावर दिसलंही असावं, कारण तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, "सुतकात असल्यासारखं बघू नका. मला दुखत नाही आता."

काही महिने गेले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही शेडमागं कडुनिंबाखाली बसायचो, तीही डबा घेऊन यायला लागली. एक दिवस डबा धुताधुता ती स्वतःशीच गायला लागली. जुनंच गाणं, चप्पल तुटल्याचं. पण पार खाली, तळातून. पूर्वी त्या गाण्यात एक नखरा होता. आता ऐकताना वाटलं, चप्पल खरंच तुटलीय आणि बाई अनवाणी बरंच लांब चालून आलीय. आमचे घास हातातच राहिले. गाणं थांबल्यावर दोस्त म्हणाला, "बाई, खरं सांगू? पयल्या आवाजाला आमी लांबनंच बगायचो. ह्यो आवाज आपल्यात येऊन बसतो."

तिनं पदरानं डबा पुसला. "पुन्हा सांग," ती म्हणाली. त्यानं पुन्हा सांगितलं.

त्या वर्षी कामगारांच्या गणपतीत तिचं गाणं ठेवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि मग तिला विचारलं. ती लगेच हो म्हणाली. मीच चाचरत म्हटलं, "पण त्याची गाणी नकोत. लोक काहीबाही बोलतील."

"का नकोत? केस माझे, चप्पल माझी, घाटावर यायला उशीर मी केला. त्यानं फक्त लिहून काढलं."

तिला घेऊन सांगलीतल्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडे साथीसाठी गेलो, तर त्यांच्या मास्तरांनी हात जोडले. ह्या आवाजाला कुठल्या पट्टीत साथ करायची, म्हणाले. बाहेर आल्यावर दोस्त म्हणाला, "लय झालं गड्या. माझा ढोल हाय की." मला हसू आलं, तिला नाही. तिनं दुसऱ्याच दिवशी त्याला ढोल घेऊन बोलावलं आणि शेडमागं तालीम सुरू झाली. तो घरच्या ठेक्यात वाजवायचा, ती त्यावर गिटार बसवायची. बसत नसे तिथं दोघं भांडायचे. मी लेथवर माइकसाठी स्टँड बनवला, कारण भाड्याचा स्टँड डुगडुगायचा आणि आमच्या बाईंसमोर डुगडुगती वस्तू नको असं माझं म्हणणं.

कार्यक्रमाला वसाहत तर लोटलीच, सांगलीहूनही सायकली आल्या. त्यांना जुना आवाज हवा होता. तिनं पहिली ओळ म्हटली आणि कुजबूज उठली. मागून एकजण ओरडला, "बाई, आवाज बसलाय! आलं-मध घ्या!"

हशा झाला. दोस्ताचा हात ढोलावर थांबला. तो उठून जातोय की काय अशी मला भीती वाटली. तिनं त्याला डोळ्यांनीच बसवलं आणि माइकमध्ये म्हणाली, "बसला नाही दादा, खाली उतरलाय. वरून तुम्ही नीट दिसत नव्हता. आता तुम्हीपण बसा खाली, म्हणजे भेट होईल."

या वेळचा हशा तिच्या बाजूचा होता. ओरडणारासुद्धा बसला. मग ती गायली. मांडवात कुणी टाचा उचलल्या नाहीत; लोक पुढं वाकून ऐकत होते. शेवटचं गाणं तिचं स्वतःचं होतं, ऑपरेशननंतर दवाखान्यात पडल्या पडल्या रचलेलं, बोलायची बंदी असताना. ते संपून टाळ्या पडल्या तेव्हा आमचे मालकही उभे होते.

पुढची काही वर्षं आम्ही टेम्पोतून हिंडलो. इस्लामपूर, विटा, कराड. साताऱ्याच्या कार्यक्रमाला तो आला, ती गाणी लिहिणारा. मुंबईत त्याचं बरं चाललं होतं, अंगात सफारी. पुढच्या खुर्च्या सोडून तो सतरंजीवर मांडी घालून बसला, हे मी त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. नंतर मांडवामागं आला आणि हसून म्हणाला, "माझी गाणी न विचारता गातेस?"

"तू मला विचारून लिहिली होतीस?"

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "मी लिहिलं तेव्हा मला ती गाणी एवढी कळली नव्हती. मुंबईला चल. तुझी तबकडी काढू."

"येईन. पण हा ढोल माझ्याबरोबर येईल. आणि एका बाजूला माझं गाणं असेल."

तो कबूल झाला. दोस्तानं मुंबईला जायच्या आधी नवं धोतर घ्यावं की पँट, यावर त्याच्या खोलीत मोठी चर्चा झाली आणि धोतर जिंकलं. दोघं गेले, गाऊन-वाजवून आले. पुढच्या सोमवारी बाई टायपिंगच्या खुर्चीवर हजर. राहिलात का नाही तिकडंच, असं मी विचारलं, तर म्हणाली, "गायला गेले होते. राहायला माझं घर आहे."

तबकडी निघाली तशी आम्ही दोघांनी एकेक घेतली. वाजवायचं यंत्र दोघांकडेही नव्हतं. मग एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलात गेलो, तिथं गल्ल्याशेजारी मालकाचा रेकॉर्ड प्लेअर असायचा. आधी दोन चहा सांगितले आणि मग तबकडी पुढं केली. मालकानं ती उलटसुलट बघून लावली. ढोल वाजला, दोस्तानं मिशीवरून हात फिरवला. मग तिचा आवाज आला, दवाखान्यातलं ते गाणं घेऊन. कपबशांचा आवाज कमी झाला. शेजारच्या टेबलावर गुळाच्या अडतीतले दोघं भजी खात होते. त्यांतला एक मान वळवून म्हणाला, "कोण बाप्या गातोय रं ह्यो? जोर हाय."

"बाप्या न्हवं, बाई हाय," दोस्त म्हणाला. "आमची हाय. गप ऐका."

त्या अडतवाल्यानं हातातली भजी बशीत ठेवली आणि ऐकलं. गाणं संपलं तसं मालकाला म्हणाला, "परत लावा."