नवव्या मजल्यावरची मोरी

निशिकांत पेडणेकरचं खरं काम पाहायचं असेल तर सिंगापुरात पुंगोलला त्याच्या स्वतःच्या घरातली मोरी बघावी. आठवा मजला. कुठल्याही कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता, सरळ जाळीकडे जातं. मागे थेंब राहत नाही. असा ढाळ मी बत्तीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातचा पाहिला नाही. आणि ती मोरी पाहिली की मला किळस येते.

तो कुडाळचा. १९९४ साली सिंगापूरला आला. तुआसला एका खोलीत आम्ही चौदा जण राहायचो. तो लादी बसवायचा, मी त्याच्या हाताखाली माल कालवायचो. लादीखाली माल पूर्ण भरायचा, पोकळ आवाज आला तर उपटून पुन्हा बसवायचा. फोरमन ओरडला तरी ऐकायचा नाही. त्या हातावरच त्याला इथे कायमचं राहायला मिळालं. मग शैलावहिनी आल्या, गार्गी झाली, पुढे सगळे इथले नागरिक झाले.

पुंगोलला आम्ही पहिल्यांदा कामाला गेलो तेव्हा तिथे चिखल, गवत आणि डास होते. ट्रकमधून उतरताना निशिकांत म्हणाला होता, "इथे कोण मरायला येणार राहायला?" दहा वर्षांनी त्याने तिथेच फ्लॅट नोंदवला. इमारत उभी राहायची होती. लाद्यांचं काम आमच्या कंपनीकडे आलं, तेव्हा त्याने फोरमनच्या मागे लागून आपल्या घराच्या वरच्या-खालच्या सगळ्या मोऱ्या मागून घेतल्या. त्याची धरून एकावर एक पंधरा.

मोरीत लादीखाली पाणी अडवणारं रसायन लावतात. दोन हात. पहिला पुरता वाळला की दुसरा. मग एक दिवस पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालून छत बघायचं. एवढं केलं की मोरी वीस वर्षं गळत नाही.

"माझ्या घराला तीन हात देणार," निशिकांत म्हणाला.

"दोनाचा नियम आहे."

"तुझं घर असतं तर दोन दिले असतेस?"

आठव्या मजल्यावर त्याने पाच दिवस घातले. पाणीसुद्धा दोन दिवस तुंबवलं. फोरमनला पंधराही मोऱ्या शुक्रवारी हव्या होत्या. ते पाच दिवस कुठून तरी काढायला हवे होते. उरलेल्या चौदा मोऱ्यांना त्याने एकच हात दिला, तो ओला असतानाच लादी बसवली. पाणी तुंबवलंच नाही. फॉर्मवर मात्र सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. मी शेजारी बादली धरून उभा होतो.

२०१३ मध्ये किल्ल्या मिळाल्या. जुरोंग ईस्टहून पाहुणे आले की वहिनी सांगायच्या, "ही बिल्डिंग आमच्या ह्यांनी हाताने बांधलीय." गार्गी इथल्या पोरांच्या ढंगात म्हणायची, "आई, फक्त टाइल्स lah."

तीन वर्षांनी निशिकांतच्या मोरीच्या छतावर पिवळा डाग आला. मग थेंब. वरून गळायचं आणि त्याच्या सुंदर ढाळावरून जाळीत जायचं. कंपनीची माणसं आली, खालून भोकं पाडून औषध टोचून गेली. दोन महिन्यांत पुन्हा गळू लागलं. उपाय एकच होता, वरची फरशी फोडायची.

वर विक्रांत राहतो. चांगी बिझनेस पार्कला बँकेत आहे. निशिकांत रविवारी त्याच्याकडे गेला, मला बरोबर घेऊन.

"काका, आमची फरशी एकदम ओके आहे," विक्रांत म्हणाला. "बघा ना, एक लादी हलत नाही. ती मी का फोडू?"

"आतून गेलीय ती."

"तुम्हाला खालून कसं कळलं?"

निशिकांत जाळीकडे बघत म्हणाला, "तेव्हा ती बांगलादेशी पोरं होती कामाला. त्यांना काय येतंय? एकच हात मारला असणार."

त्या पोरांनी या मोरीत पाऊलही ठेवलं नव्हतं. लिफ्ट सुरू व्हायची होती, तेव्हा ती पोरं आमच्यासाठी सिमेंटच्या गोण्या नऊ मजले चढवत होती.

"ही मोरी तू केलीस," मी म्हटलं. "मी बादली धरली होती."

विक्रांत हसला. "काय काका, खेचता का?" मग आमची तोंडं बघून हसू थांबलं. "पण तुमच्या मोरीतून तर खाली थेंब गळत नाही—"

"तिथे तीन हात आहेत," मी म्हटलं.

जिना उतरताना निशिकांत म्हणाला, "माझं नाव घालवलंस."

दुसऱ्या दिवशी तो छिन्नी-हातोडा घेऊन वर गेला. वय साठ. सगळी फरशी त्याने एकट्याने फोडली, डबर मी वाहिलं. दोन हात, मध्ये वाळायला वेळ, दोन दिवस पाणी. काम चोख झालं. छत कोरडं पडलं.

महिन्याभराने त्याच्याकडे चहाला गेलो. वहिनींनी फोन पुढे केला. "भाऊजी, हे वाचा." विक्रांतने इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, की पेडणेकर काकांनी या वयात शेजाऱ्याची मोरी स्वतः दुरुस्त करून दिली, अशी माणसं आता मिळत नाहीत. एका हाताचा उल्लेख नव्हता. त्याची मोरी नीट झाली होती, बाकीच्यांचं त्याला काय? खाली हात जोडल्याची चित्रं होती. उरलेल्या तेरा घरांतल्या लोकांनीही पाठवली होती.

"सातव्यावर कधी जायचं?" मी निशिकांतला विचारलं.

"गळतंय का?"

"अजून नाही."

"मग?" त्याने बशीत चहा ओतला.

मी माझा तसाच ठेवून उठलो. लिफ्टमध्ये सातचं बटण समोर होतं. मी तळमजल्याचं दाबलं.