सुली चाय पिवक गेली हा

आमवात झाला की सांध्यांत पाणी साठतं म्हणतात. माझ्या सांध्यांत किती साठलं ते डॉक्टरला ठाऊक, पण किस्से मात्र ढिगाने साठले! बाजारात बसणाऱ्या बाईचं दुखणं तिच्या एकटीचं राहतच नाही. आमचं गाव तोंडवली, ती अख्खी येऊन बघून जाते. 'हयच दुखता काय गो?' म्हणून विचारते, आणि दाबते पण नेमकं तिथेच! बाजारात माझ्या शेजारी बसणारी पार्वती परवा म्हणाली, "सगळ्यांका सांगान सांगान तोंड दुखात तुझा. लिवान काढ." चौथीपर्यंत शिकलेय. बोटं वळतायत तोवर लिहिते.

*

सुरुवात झाली तेव्हा सकाळी उठले की बोटं सुक्या बोंबलासारखी ताठ. लुगड्याची निरी धरता येईना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, एक्स-रे काढले. म्हणाले, "हा आजार मुळापासून जात नाही. गोळ्या, व्यायाम आणि धीर. मग ताब्यात राहील."

मी म्हटलं, "ते राहू द्या. कोयता धरता येईल काय मला? मासे कापते मी."

डॉक्टर म्हणाले, "बघूया."

हे 'बघूया' मला अजिबात आवडत नाही. गिऱ्हाईक 'बघूया' म्हणून पुढे गेलं की परत येत नाही!

*

दोडामार्गची नणंद मला बघायला आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी पथ्य सुरू! "वयनी, आंबट बंद. वातूळ बंद. आणि मासे तर वर्षभर बघूचे पण नाय."

मी म्हटलं, "गो बाय, मासे बघू नको तर विकू कशी? डोळे मिटून?"

"चेष्टा नको. दुखणा अंगार काढशीत."

लेकीने सरंग्याचं सार केलं होतं. म्हटलं, पथ्य उद्यापासून, आज शेवटचं जेवू. हात धुऊन येते तर टोप रिकामा! नणंद ढेकर देऊन म्हणाली, "तुझी तुकडी पण मीच खाल्लंय. पथ्य मोडला आसता मा तुझा!"

त्या दिवसापासून मी पथ्य डॉक्टरचं पाळते, नातेवाइकांचं नाही.

*

खांदे धरले तेव्हा हात डोक्यापर्यंत जाईनात. केस कोण बांधणार? लेक सकाळीच कॉलेजला. राहिला नवरा. जन्म होडीवर गेलेला माणूस, केसांना कधी हात लावला नव्हता. पण एक दिवस मागे येऊन बसला. म्हणाला, "हालू नको. मान सरळ धर."

छान बांधले! मी आरशात बघून खूश.

हॉस्पिटलात व्यायामाच्या मॅडमला माझ्या मानेवर शेकाची पिशवी ठेवायची होती. तिने अंबाडा सोडायला घेतला. सुटेना. नर्स आली. तिच्याकडूनही सुटेना. मॅडम म्हणाली, "मावशी, हे केलंय काय?"

काय असणार? होडी बांधायची गाठ! ओढाल तेवढी आवळत जाते.

नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत बोलावलं. त्याने एक पीळ उलटा फिरवला आणि केस मोकळे. वर छाती काढून म्हणतो, "वाऱ्या-पावसात होडी सुटाक नाय ह्या गाठीतसून. हिचे केस खंय सुटतले?"

घरी आल्यावर मी भडकले. "अवो, एवढी घट्ट बांधतात?"

तो हळूच म्हणाला, "सैल बांधलंय तर घडये-घडये सुटात. मगे परत हात लावचो लागात. तुका दुखता."

दुसऱ्या दिवशी मान सरळ धरून बसले.

*

ही मॅडम घाटावरची. पोरसवदा, हुशार, पण माशातलं शून्य! रोज विचारायची, "मावशी, शून्य ते दहा, आज किती दुखतंय?"

मी म्हटलं, "दुखणं काय काट्यावर घालून आणू? माझी रीत ऐका. कोलंबीचं टोक लागतं तसं असलं तर थोडं. शिंगटीचा काटा लागला तर डोळ्यांत पाणी. आणि पाकटाने शेपटी मारली तर मेलेली आई आठवते."

मॅडमने खरंच तसं विचारायला सुरुवात केली! "मावशी, आज काय?"

"शिंगटी."

शेजारी धामापूरचे बापू असायचे. म्हातारा शेतकरी माणूस, मान आखडलेली. ते म्हणाले, "माका पण शिंगटी."

मी म्हटलं, "बापू, तुम्ही भात लावणारे. शिंगटी कधी लागली तुम्हाला?"

"लागाक नाय. पण ऐकान वाटला, ह्याच ता!"

पाकटाचे दिवस खूप गेले. मग कधीतरी मी म्हटलं, "मॅडम, आज कोलंबी." पोरगी उड्या मारायला लागली. "कोलंबी! मावशी, कोलंबी!" म्हणून टाळ्या. बाहेरच्या बाकावरचा एक पेशंट पिशवी घेऊन आत. "ताजी आसा काय?"

*

पण सगळे दिवस कोलंबीचे नसतात.

आमच्या बाजारात जागेला कागद नाही. जी बसते तिची जागा. महिना दोन महिने बसली नाही की शेजारणीची पाटी आत सरकते, हा रिवाजच. पार्वती आणि मी नव्या नवऱ्या होतो तेव्हापासून वीतभर जागेवरून भांडतोय. एकदा तिने माझी पाटी सरकवली म्हणून मी तिच्या अंगावर बर्फ ओतलाय!

एका सकाळी घरच्यासाठी मासा कापायला बसले. कोयता उचलला आणि बोटांतून निसटला. पायाजवळ पडला. परत उचलला. परत पडला. तिसऱ्यांदा उचलला नाही.

पार्वती आली तेव्हा तिला म्हटलं, "माझ्या हातान आता व्हवचा नाय. जागा तू घे."

पार्वती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग फणकारली, "तुझी जागा? माका नको गो! थंय दुपारचा ऊन येता."

"मगे इतकी वर्सां भांडलंस कित्या?"

"तेवा ऊन येय नाय होता!"

नंतर कळलं. ही बया रोज आपल्या पाटीबरोबर माझी रिकामी पाटी घेऊन जायची. माझ्या जागेवर मांडायची. वर ओला गोणपाट घालायची, आत मासे असल्यासारखा. कोणी नवीन बाई बसायला आली की म्हणायची, "थंय नको. सुली चाय पिवक गेली हा."

तो चहा मी अख्खी थंडी पीत होते!

*

व्यायामाला गरम मेणात हात बुडवायचा, मग मऊ बॉल दाबायचा. सोपं वाटतं? दाबून बघा! एक दिवस माझ्याने बॉल जरासुद्धा दबेना. मी तो भिंतीवर फेकला.

बापूंनी तो उचलून आणला, टेबलावर ठेवला, आखडलेल्या मानेनेच हात जोडले, आणि घातलं गाऱ्हाणं! "बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा हय जमली आसत. कोणाची मान, कोणाचो गुडघो. ह्या सुलीची मूठ वळांदे, कोयतो परत हातात येवंदे रे म्हाराजा!"

सगळे पेशंट एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

"आणि गोळयेची आठवण ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मॅडमला मजा वाटली. तीही आमच्याबरोबर ओरडायला लागली.

"आणि ही मॅडम आमका सोडून घाटार जावची न्हय, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज मॅडमचा!

मग तिने तोंडावर हात घेतला. बदलीचा अर्ज गेल्याच आठवड्यात दिला होता तिने!

देवाने ऐकलं की तिने, मला ठाऊक नाही. अजून इथेच आहे. आता बांगडा आणि पेडवा ओळखते.

*

मूठ वळली. पुरती नाही, पण वळली. नवऱ्याने कोयत्याच्या दांड्याला जुन्या लुंगीची पट्टी गुंडाळून दांडा जाड करून दिला. जाड दांडा धरायला बरा. घरी जमत होतं. पण घरी घड्याळ बघत कोण उभं नसतं. बाजारात बोटं अडकली तर? आणि गिऱ्हाईक निघून गेलं तर? मग परत कुठल्या तोंडाने बसू?

तरी बांगड्यांची पाटी घेऊन गेले. बसले. पार्वतीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आलं. किनाऱ्यावर पर्यटकांना खोल्या देणारी एक बाई. थेट पार्वतीकडे गेली. पार्वतीचे बांगडे आत्ताच होडीतून उतरलेले. डोळे काचेसारखे, कल्ले लालभडक. पार्वतीच्या माशाला कोणी नाव ठेवलं तर ती त्याला शिव्या घालत रस्त्यापर्यंत पोचवते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बाई म्हणाली, "बांगडे द्या. साफ करून."

पार्वतीने बांगड्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "माझे शिळे आसत."

बाई चक्रावली. "शिळे? हे?"

"शिळे. थंय बघ."

बाई पलीकडच्या म्हातारीकडे वळली. म्हातारीने पाटीवर गोणपाट ओढला. "माझे कालचे."

बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी कोयता घेतला. पहिला बांगडा धरला. कोयता सुटला नाही. डोकं काढलं. पोट साफ केलं. दुसरा घेतला. हळू. फार हळू.

बाईने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "मावशी, जरा लवकर हं. पाहुणे थांबलेत."

मी तोंड उघडायच्या आत पार्वती कडाडली, "घाई आसा? मगे हडे ये गो. माझे परवाचे आसत!"