नवीन करा, पण जुन्याला हात लावायचा न्हाय

आमच्या फौंड्रीत काहीच वाया जात नाही. बिघडलेलं कास्टिंग परत भट्टीत जातं आणि नवीन होऊन बाहेर येतं. न वितळता नुसते साठत जातात ते किस्से! आणि सगळ्यांत जास्त साठलेत ते आमच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये. मी तिथली इन्चार्ज. लग्नाआधीपासून त्याच खुर्चीवर बसतेय, त्यामुळं खोटं सांगणार नाही. थोडं तिखट सांगेन, तेवढं चालवून घ्या.

तर आमचा निम्म्याहून जास्त माल चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीला जातो. एक दिवस त्यांचा निरोप आला, "तुमचा किती माल तयार आहे, किती निघाला, हे आम्हाला स्क्रीनवर दिसलं पाहिजे. दिवाळीनंतर बघायला येतो. जमत नसेल तर ऑर्डर राजकोटला देतो."

राजकोटचं नाव निघालं आणि सगळे हिशेब करायला लागले. ऑर्डर गेली तर एक अख्खी लाइन बंद, म्हणजे धनाजी मुकादम आणि त्याची सगळी माणसं घरी. धनाजी मुरगूडचा, बोलायला फटकळ. पण त्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "अक्का, तुमच्या त्या डब्यावर आमची चूल हाय बगा."

*

मग पुण्याहून कन्सल्टंट आला. कौस्तुभ नाव. आमचे धाकटे साहेब, विश्वजित, त्याच्याबरोबर शिकलेले. कौस्तुभनं आमचं सॉफ्टवेअर बघितलं आणि हसायलाच लागला.

"काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं! सर, हे म्युझियममध्ये ठेवायला हवं."

थोरले मालक आबासाहेब ताडकन उठले. "म्युझियम? त्या वक्ताला ह्या पैशात जीप आली असती! न्हाई घेतली जीप, हे घेतलं. तुमी काय पायजे ते नवीन करा, पण जुन्याला हात लावायचा न्हाय!"

कौस्तुभ पोरगा हुशार. लगेच म्हणाला, "म्हणजे एक्झिस्टिंग इन्व्हेस्टमेंट प्रिझर्व्ह करून मॉडर्नायझेशन. होईल की सर!"

आणि त्या एका वाक्याचं कोटेशन दिलं. जीपचं नव्हे, बंगल्याचं!

*

नवीन स्क्रीन आला. निळा, गुलाबी, कोपऱ्यात हलणारे गोल. स्टोअरचे बंडूतात्या चष्मा पुसून पुसून बघत होते.

"मॅडम, ही लग्नाची पत्रिका हाय का स्टॉक?"

माउसनं क्लिक करायचं म्हटलं तर तात्यांचा बाण स्क्रीनच्या बाहेरच जायचा. बाकी खात्यांचीही तीच ओरड. शेवटी सगळे आबासाहेबांकडं गेले. आबासाहेबांनी निकाल दिला, "माणसांचा हात बसलाय जुन्यावर. बसलेला हात बी इन्व्हेस्टमेंटच की!"

झालं! कौस्तुभची पुण्यातली पोरं कामाला लागली आणि नवीन सॉफ्टवेअर हुबेहूब जुन्यासारखं करून दिलं. काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं, माउस बंद. ह्या कामाचं बिल वेगळं.

उद्घाटनाला आबासाहेबांनी नारळ फोडला, स्क्रीनकडं डोळे भरून बघितलं आणि म्हणाले, "बघा! म्हणत हुतो न्हवं, जुनंच बरं हुतं!"

*

आता कागदाचं ऐका. आमच्या गोडाऊनमध्ये डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा भोकाभोकांचा कागद छतापर्यंत रचलेला. कधीतरी स्वस्तात मिळाला म्हणून आबासाहेबांनी ट्रकभर घेतलेला.

"सर, आता सगळं पेपरलेस," कौस्तुभ म्हणाला.

"मग ह्या कागदाच्या काय पत्रावळ्या लावू?" आबासाहेब म्हणाले.

म्हणून डेटा क्लाउडवर, आणि त्याची प्रत मात्र आमच्या टेबलावर करकर करत छापून येणार, असं ठरलं. कागद संपला की प्रिंटर बंद करायचा, अशी मी गुपचूप आशा लावून बसले होते. कान किटले होते माझे!

कागद खरंच संपत आला. आणि एक दिवस गेटवर टेम्पो उभा. आत भोकाभोकांच्या कागदाचे नवे कोरे खोके! कुणी मागवले? कुणीच नाही. साठा कमी झाला की सॉफ्टवेअर आपोआप ऑर्डर पाठवतं, ही कौस्तुभची नवीन सोय!

कागदवाल्याचा फोन आला, "मॅडम, अजून कुणीतरी हे वापरतंय बघून बरं वाटलं. आमी दुकान बंद करणार हुतो."

*

खंडेनवमीला आमच्याकडं भट्टीपासून पान्यापर्यंत सगळ्याची पूजा होते. जुन्या कॉम्प्युटरला तर दरवर्षी झेंडूचा हार ठरलेला. यंदा आबासाहेब ताट घेऊन सेक्शनमध्ये आले आणि थबकले.

"जुन्याची झाली. नवीन सिस्टिम कुठाय?"

"सर, ती क्लाउडवर आहे," कौस्तुभ म्हणाला.

"ते झालं. हळदीकुंकू कुठं लावायचं?"

कौस्तुभनं सर्व्हर कुठं असतो, डेटा कसा फिरतो, सगळं समजावलं. आबासाहेबांच्या हातातला कापूर विझायला आला. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "त्येचा पासवर्ड कुणाकडं हाय?"

"माझ्याकडे."

"मग बसा पाटावर!"

आणि तुम्हाला सांगते, त्या पोराला खरोखर पाटावर बसवला. कपाळाला मळवट, गळ्यात हार, पुढ्यात नारळ. धनाजीच्या माणसांनी रांगेनं येऊन पाया पडून घेतलं. चाकणच्या ऑर्डरसाठी ती माणसं कुणाच्याही पाया पडली असती. मला हसू येत होतं आणि गलबलूनही आलं.

*

एक नावांची भानगड राहिलीच. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टच्या नावाला जागा फार थोडी. ड्रॉइंगवरचं लांबलचक इंग्रजी नाव त्यात मावायचंच नाही. मग नवीन पार्ट आला की मी शॉपवर, म्हणजे भट्टीकडं, ओरडून विचारायची आणि धनाजी जे ओरडेल ते इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. तशी आमच्याकडं 'ढेऱ्या' आहे, 'चपटी' आहे, 'सासूचं नाक' आहे. चाकणचा मोठा पार्ट म्हणजे 'म्हैस खूर', कारण तो दिसतोच तसा! त्यात डावा पाय वेगळा, उजवा पाय वेगळा.

नवीन सिस्टिम येताना मी कौस्तुभला म्हटलं, "बाबा, आता तरी नावं बदल. चाकणचे साहेब बघणार आहेत."

"मॅडम, नावं बदलणं स्कोपमध्ये नाही. एक्स्ट्रा चार्ज पडेल."

आबासाहेब म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. जुनंच हाय न्हवं?"

*

आणि आला तो दिवस. चाकणचे मेनन साहेब. कडक इस्त्री, कडक इंग्रजी, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. प्रोजेक्टर लावला आणि नेमकं नेट गेलं! बाहेर रस्त्यावर जेसीबीनं केबल उखडली होती. कौस्तुभ घामाघूम. तो साहेबांना चहा देऊन येईपर्यंत मी प्रोजेक्टरची वायर नव्या मशीनमधून काढली आणि जुन्याला खोचली. आबासाहेबांच्या हुकमानं जुनंही चालूच होतं, रोजचा माल मी दोन्हींत भरायची.

काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं. ओळखणार कोण? खुद्द कौस्तुभनंही ओळखलं नाही! "नेट आलं वाटतं," असं पुटपुटत त्यानं क्लाउड, रिअल टाइम, सगळं सुरू केलं. मेनन साहेब मान हलवून म्हणाले, "डार्क मोड. गुड."

मी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात साहेबांचं बोट स्क्रीनवर थांबलं.

"व्हॉट इज धिस? म्हैस खूर?"

धाकटे साहेब लालेलाल. "इट इज... ट्रॅडिशनल, सर."

मागून धनाजी पुढं आला. हातातलं कास्टिंग साहेबांच्या पुढ्यात उभं धरलं आणि म्हणाला, "म्हशीचं खूर साहेब. तुमचाच पार्ट हाय. दिसतंय का न्हाय, तुमीच सांगा की!"

साहेबांनी ते उलटंपालटं करून बघितलं. हसले नाहीत. कायतरी लिहून घेतलं आणि जेवायला न थांबता गाडीत बसले. तांबडा-पांढरा रस्सा तसाच राहिला.

त्यानंतर चाकणहून काहीच नाही. फोन नाही, मेल नाही. आधीची ऑर्डर संपली आणि धनाजीची लाइन थांबली. माणसं घरी बसली. धाकटे साहेब शॉपवर जाऊन गरजले, "हे नाव ठेवलं कुणी?"

"मी ठेवलं," धनाजी म्हणाला. "काढा मला. पर बाकीच्यांस्नी काम द्या."

कौस्तुभनं तेवढ्यात नावं बदलायचं कोटेशन पाठवलं. मी ते त्याच्याच भोकाभोकांच्या कागदावर छापून टराटरा फाडलं. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

धनाजी मात्र रोज सकाळी यायचा. सेक्शनच्या दारात उभा राहून नुसता माझ्याकडं बघायचा. मी मान हलवायची, तो जायचा. त्या दिवशीही तो दारातच होता आणि फोन वाजला.

मी उचलला. मेनन साहेब! इंग्रजी बिंग्रजी काही नाही, आवाज चढलेला, मागं मशीनांचा गोंगाट. मी घाईनं स्पीकर लावला. धनाजीनं चौकट धरली.

"मॅडम, तुम्हारा पार्ट खतम, इधर हमारा पूरा लाइन खडा है! स्टोअर से लेके मैनेजर तक सब एकही चीज पूछ रहा है. वो म्हैस खूर किधर है? बायाँ पैर पहले भेजो!"