आधी कोणाकडे?

देवघरातलं निर्माल्य आपण रोज टोपलीत टाकतो. चार फुलं, दोन पानं. आणि एक दिवस बघावं तर टोपली ओसंडून वाहतेय! माझ्या रागाचं तसंच झालं होतं. मी भांडणारी बाई नाही. सोमवार करते, प्रदोष करते, संकष्टी करते, आणि तोंडातून वाकडा शब्द जाऊ नये म्हणून जपते. पण त्या एका वर्षात टोपली भरली ती भरलीच. आज आम्ही नणंदा-भावजया ते किस्से सांगून हसतो. हसताना माझे कान अजून गरम होतात, ते सोडा!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. चिंचवडला आमच्या दोन खोल्या होत्या. आमचे हे एका कंपनीत टूलरूममध्ये. माझी धाकटी नणंद सुमन आमच्याकडे राहून नर्सिंग शिकत होती. लेखीत पास झाली आणि तोंडी परीक्षेत नापास! पुन्हा बसायचं होतं.

हे म्हणाले, "ही शेवटची संधी. पास झाली तर नोकरी, नाही तर लग्न."

लग्न म्हणजे जशी काही शिक्षाच! आणि हे कोणासमोर बोलले? बायकोसमोर!

पुढच्या सोमवारी मी सोळा सोमवारांचा संकल्प सोडला. सुमनसाठी.

*

आता ती नापास कशी झाली ते ऐका.

परीक्षक बाईंनी विचारलं, "वॉर्डात तुम्ही एकट्या आहात. चार पेशंट आहेत. एक पाय दुखतो म्हणून ओरडतोय, एक पाणी मागतोय, एक घरी सोडा म्हणून भांडतोय. चौथा भिंतीकडे तोंड करून गप्प पडलाय. आधी कोणाकडे जाल?"

सुमन म्हणाली, "जो सगळ्यांत जास्त ओरडतोय त्याच्याकडे."

झालं! बाईंनी मान हलवली आणि पुढची मुलगी बोलावली.

घरी येऊन सुमन रडत होती आणि तिची मैत्रीण कुसुम तिला समजावत होती. "अगं, ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो. ओरडायला ताकद लागते. आधी गप्प असलेल्याकडे जायचं! त्याचंच काहीतरी बिघडलेलं असतं."

मी पोळ्या लाटत ऐकत होते. लाटणं तिथंच थांबलं. अहो, पोरीनं घरात जे बघितलं तेच सांगितलं की! आमच्याकडे जो ओरडेल त्याला चहा आधी. जो आपटेल त्याला गरम पोळी. गप्प बसणाऱ्याला उरलेलं. जन्मभर हे शिकवलंत आणि नापास मात्र एकट्या पोरीला केलंत!

त्या दिवशीच्या पोळ्या करपल्या. कोणी ओरडलं नाही, कारण मी वाढताना एकेकाकडे रोखून बघत होते.

*

कुसुम पिंपरीहून बसनं यायची. तिचे वडील कारखान्यात फर्नेसवर होते. तिच्याकडे सायक्लोस्टाइल केलेले सरावाचे प्रश्न असायचे. आमच्या ओट्यावर दोघी बसायच्या, आणि पेशंट म्हणून मी! गहू निवडता निवडता मला न्यूमोनिया व्हायचा, भाजी चिरता चिरता माझा पाय मोडायचा.

एकदा सकाळीच सुरू झाल्या. मी सोवळ्यात. पूजा व्हायची होती. सोवळ्यात मला कोणी शिवत नाही, मग नणंद असो की नवरा.

सुमन हात पुढे करून म्हणाली, "वहिनी, पल्स बघू."

"शिवू नकोस!"

"अहो, पण तुम्ही बेशुद्ध आहात!"

"बेशुद्ध असले तरी सोवळ्यात आहे!"

सुमन चिडली. "असा पेशंट कधी असतो का?"

कुसुम मात्र गंभीर झाली. म्हणाली, "असतो. गावाकडच्या कितीतरी बायका हात लावू देत नाहीत. मग काय, सोडून द्यायचं त्यांना? चल, हात न लावता सांग. काय काय दिसतंय?"

आणि सुमन लांब उभी राहून मला बघायला लागली. छातीचा भाता कसा हलतोय. ओठांचा रंग. नखं. कपाळावर घाम आहे का. हात कुठं धरलाय. पुढे हे रोजचंच झालं. मी पूजा करायची आणि ती दारातून माझा श्वास मोजायची! आरती लांबली की म्हणायची, "वहिनी, श्वास वाढलाय, थोडं हळू म्हणा."

महादेवानं ते कसं घेतलं कोण जाणे. मला तर बरं वाटायचं. लग्न झाल्यापासून कोणी माझ्याकडे इतकं निरखून बघितलंच नव्हतं.

*

शेजारच्या नलूताई. त्यांना ओट्यावर पोरी दिसल्या की काहीतरी काम निघायचंच.

एकदा म्हणाल्या, "नर्स म्हणजे परक्या पुरुषांना हात लावायचा. आपल्यात चालतं का हे?" मग कुसुमकडे वळल्या. "तुझं आडनाव काय गं?"

आडनाव कशासाठी हवं होतं ते मला कळलं, सुमनला कळलं, आणि कुसुमला तर ते लहानपणापासून कळत होतं.

कुसुमनं कागदावरून नजरही उचलली नाही. "काकू, आमच्या प्रश्नांत पेशंटला आडनाव नसतं. खाट नंबर असतो. तुमचा कितवा?"

मला हसू आलं, पण त्याहून जास्त संताप आला. मी आत गेले, माठातलं पाणी तांब्यात भरलं, आणि नलूताईंच्या देखत कुसुमच्या हातात दिलं. "पी. आणि रिकामा तांब्या माझ्याकडेच दे, मलाही तहान लागलीय."

नलूताई तणतणत गेल्या. आठवड्याभरात पाय सुजला म्हणून मागल्या दारानं आल्या. पुढून आलं असतं तर लोकांनी बघितलं असतं ना!

कुसुमनंच पाय बघितला, आणि आडनाव विचारलं नाही.

*

एका सोमवारी मी वरी निवडत होते. सुमननं मोठ्यानं प्रश्न वाचला, "एक अडाणी बाई उपवासामुळे चक्कर येऊन पडते. तुम्ही काय कराल?"

मी सूप खाली ठेवलं. "अडाणी कुठं लिहिलंय? दाखव."

"वहिनी, छापलंय तसं वाचलं हो मी."

"कोणी छापलं? त्यानं बाईला विचारलं होतं का शाळा किती झाली? उपास करते म्हणून अडाणी?"

माझा आवाज चढला होता. मलाच तो ओळखू येईना. सुमन बावरून म्हणाली, "मग उत्तर काय सांगू?"

"सांग, आधी तिला विचारावं, बाई, उपास कोणासाठी धरलाय?"

माझा उपास कोणासाठी होता ते सुमनला ठाऊक होतं. तिचे डोळे भरून आले, माझेही.

कुसुम हळूच म्हणाली, "पण वहिनी, ती बाई अजून खाली पडलेली आहे!"

"मग बघत काय बसलात? साखरपाणी द्या की! साखर उपासाला चालते!"

*

एका रविवारी ह्यांच्या बोटात लाकडाची कूस गेली. केवढी? दिसेना एवढी! पण आरडाओरडा असा, की समोरच्या चाळीतले लोक गॅलरीत आले.

"सुमन! अगं सुमन! मरतोय इथं!"

सुमन स्वयंपाकघरातून आली, एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, तू ओरडतोयस म्हणजे श्वास चालू आहे. थांब."

आणि आत जाऊन आधी उतू जाणारं दूध उतरवलं!

त्या घरात दूध पहिल्यांदाच माणसाच्या आधी गेलं. संध्याकाळी मी महादेवाला एक बेल जास्त वाहिला.

*

ह्याचा सूड म्हणून नव्हे, पण ह्यांनी पुढच्याच महिन्यात स्थळ आणलं. चाकणचं. मुलाचे वडील कांद्याचे आडते, मुलगा इकडे कंपनीत लागलेला. बघण्याचा कार्यक्रम रविवारी. आणि तोंडी परीक्षा लगेच मंगळवारी!

मी म्हणाले, "दोन दिवस थांबता येत नाही?"

हे म्हणाले, "त्यांना नोकरीवाली नकोय. पसंत पडली तर परीक्षेचं कामच काय?"

"तुम्ही शब्द दिला होतात तिला. शेवटची संधी म्हणाला होतात."

"आवाज खाली."

मी आवाज खाली केला. राग नाही.

रविवारी टेम्पो करून मंडळी आली. मुलाचे वडील, काका, मामा, मुलगा, आणि मुलाची आई. पुरुष खुर्च्यांवर. आई कोपऱ्यात चटईवर, डोक्यावरून पदर. कुसुम माझ्या मदतीला आली होती, आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

काय तो गोंगाट! काका म्हणत होते पोह्यांत मीठ कमी. मामांना चहात साखर जास्त हवी. आमचे हे ओरडत होते, "सुमन, पाणी आण!" मुलाचे वडील तर बाजारात लिलाव पुकारावा तसे बोलत होते. मुलगा बिचारा पंख्याकडे बघत होता.

सुमन मान खाली घालून ट्रे घेऊन आली. मान वर करायची नाही, असं ह्यांनी दोनदा बजावलं होतं.

मुलाचे वडील म्हणाले, "शिकलीस म्हनं लई. मंगळवारी परीक्षा बी हाय म्हनं, ती आता कशाला द्यायची! बरं, आमच्या घरात मान्सं मोप. समदी एकदम हाका मारत्यात. सासरा, दीर, पाव्हनं. मग सांग बरं, आधी कुनाकडं जाशील?"

कुसुमनं माझा हात असा दाबला की बांगडी फुटली!

सुमननं मान वर केली.

एकेकाकडे बघितलं. काका, मामा, दादा, सासरा. मग कोपऱ्यात बघितलं आणि तिथंच बघत राहिली. पोह्यांची बशी तशीच होती. पदराखाली एक हात छातीशी घट्ट धरलेला. ओठांवर घाम. ओठांचा रंग गेलेला.

सुमननं ट्रे जमिनीवर ठेवला. सगळ्या खुर्च्या ओलांडून गेली आणि त्या बाईंपुढे गुडघ्यावर बसली.

"काकू, कधीपासून दुखतंय?"

हे गरजले, "सुमन! काय चाललंय हे?"

मुलाचे वडील म्हणाले, "तिला काय हुतंय? ती कवाच काय बोलत न्हाई."

बाईंनी सुमनकडे बघितलं. फार वेळ बघितलं.

"रातधरनं," त्या म्हणाल्या.

मग सुमन कोणाला विचारत बसली नाही. "कुसुम, पाठीला उशा दे. काकू, उठायचं नाही, बोलायचं नाही. दादा, त्यांना चालवायचं नाही, खुर्चीवर बसवून उचला. मामा, तुम्ही तिकडून धरा. टेम्पो दाराशी आणा!" आणि काय सांगू, आमच्या ह्यांनी खुर्ची उचलली! मुकाट्यानं!

मुलाचे वडील मात्र टेम्पोच्या मागेपुढे धावत होते. "अगं, आधी का न्हाई सांगितलंस? आता कसं व्हायचं? डाक्टर कुठाय? आरं कुनीतरी सांगा मला!"

सुमन टेम्पोत चढत त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही ओरडताय म्हणजे तुम्ही ठीक आहात. बाजूला व्हा."

ते बाजूला झाले!

टेम्पो सुरू झाला तशी बाईंनी हात वर केला. सगळे गप्प झाले. सुमन म्हणाली, "काकू, बोलू नका." पण त्यांनी मान हलवली, नवऱ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"ही पोरगी सून म्हनून नगं आपल्याला. मंगळवारी तिची परीक्षा हाय."