शकूचा गोवर

सुमन, आम्ही पुण्याला निघालो त्या दिवशी डोणगावच्या स्टँडवर तू एष्टीच्या खिडकीशी उभी होतीस आणि मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वहिनी अशी कशी, असं तुला वाटलं असणार. बाबू माझ्या मांडीवर होता, वळकटी टपावर चढली होती, तुझ्या दादांना तिकडे कारखान्यात काम लागलं होतं. मामंजी म्हणाले, "जाय पोरी, दानापानी आता तिथलं हाये." सगळे रडत होते. मला रडूच येईना. बायका म्हणाल्या असतील, काय दगडाची बाई हाये! हाव, होतेच मी दगड. माझी लेक शकू जाऊन वर्षही झालं नव्हतं.

शकू गेली तेव्हा तू सासरी होतीस, म्हणून सांगते. तिच्या अंगावर गोवर उठला तशी सासूबाईंनी दारावर कडुलिंबाची डहाळी खोचली. घरात फोडणी बंद, तुझ्या दादांची दाढी बंद. लेकरू उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, सुई टोचायची नाही, देवीमाय कोपते. पुरळ मावळायला लागलं तेव्हा वाटलं, सुटलो बाई. आणि मग तिची छाती उडायला लागली. श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जायच्या. मी म्हटलं, मेहकरच्या दवाखान्यात नेऊ. सासूबाई दारात आडव्या बसल्या. "माय घरात हाये. उतरवणी झाल्याबिगर लेकरू बाहीर काढत नसते. माह्ये पाच असेच वाचले." तुझे दादा खाली मान घालून ओट्यावर जाऊन बसले. देवीला निरोप द्यायची उतरवणी झाली, दहीभाताचा निवद झाला, मग एष्टी. मेहकरच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडावरचा पदर बाजूला केला आणि परत टाकला.

पुण्यात मग बाबू नुसता शिंकला तरी मी दवाखान्यात. सिस्टर मला ओळखायलाच लागल्या. "आल्या वऱ्हाडच्या बाई," म्हणायच्या, "अहो, सर्दी आहे ही! कॅज्युअल्टी काय सर्दीसाठी असते?" माझं मले-तुले ऐकून हसायच्या. हसा म्हटलं. मला आता कशाची लाज?

पुढे बाबूलाही गोवर निघाला. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या. या शहरात कुठून कोण जाणे, त्यांनी कडुलिंबाचा पाला आणलाच. मीही मुकाट्याने फोडणी बंद केली. एका दुपारी बाबूची छाती तशीच उडायला लागली. तुझे दादा कामावर होते. मी बाबूला उचललं. सासूबाई दाराकडे गेल्या, मला वाटलं, बसतात आता आडव्या. त्यांनी कडी काढली. "जाय लवकर. मले काय इचारून राह्यली?" मी विचारलंच नव्हतं. त्या अनवाणीच माझ्यामागे आल्या.

वॉर्डात ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, पण वेळेवर आणलंत. बाबूने दूध मागितलं तेव्हा मी बाहेर येऊन सांगितलं. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि मग म्हणाल्या, "शकू बी वाचली असती का वं?"

नाही म्हणता आलं असतं. मी "हो" म्हटलं. राग नव्हता गं. काहीच नव्हतं आत. म्हातारी गदगदून रडत होती, आणि मी तिच्यासाठी चहा आणायला गेले.

तू लिहितेस, वहिनी, आता तरी परत या, घर तुमचंच आहे. खरं आहे, तिथे पिकतं वावर आहे, माणसं आहेत, अंगण आहे. इथे एक खोली आणि चाळीत सगळ्यांना मिळून एक नळ. पण लेकरू आजारी पडलं तर त्याला उचलून, कोणालाही न विचारता, मला या खोलीतून निघता येतं. मी तर आता यालाच घर म्हणते, सुमन.